माझी खिडकी, त्यांचं दार

"तुमचं दार खाली आलंय."

माझ्या मामाने आयुष्यात एका अनोळखी मुलीशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. लोक डोळ्यांची, केसांची तारीफ करतात. आमचे साहेब दाराला नावं ठेवून मोकळे!

खरं तर त्या खोलीत आम्हाला जायचंच नव्हतं. दातांच्या हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमध्ये एक्स-रे डावीकडे होता आणि मामा उजवीकडे वळला. दार ढकललं तर ते फरशीवर असं करकरलं, की माझ्या सगळ्या दाढा शिवशिवल्या. आत ती पाठमोरी बसलेली... केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली, समोर पॉलिशचं चाक गरगरतंय, हातात गुलाबी काहीतरी इवलंसं.

"एक्स-रे समोर," ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली. चुकून येणारे आम्ही काही पहिलेच नव्हतो.

सॉरी म्हणून बाहेर पडायचं की नाही? मामा दाराशी चक्क उकिडवा बसला. तो दारं-खिडक्या बनवतो. आई म्हणते, माझा भाऊ लाकडाशी तासन्‌तास बोलेल, माणूस समोर आलं की याची बॅटरी उतरते.

"वरची बिजागरी ढिली झालीय, म्हणून घासतंय," तो म्हणाला.

"सहा वर्षं घासतंय. आम्ही लाथ मारून उघडतो."

"लाथ कशाला मारायची? हे असं..." मामाने मूठ धरली, दार जरासं वर उचललं आणि ढकललं. आवाज नाही. इतकासुद्धा नाही!

तेव्हा ती वळली. तिच्या नाकावर गुलाबी भुकटी होती.

"पुन्हा करा बघू."

त्याने पुन्हा केलं.

"आणखी एकदा?"

सुजलेला गाल धरून मी मधोमध उभी. यांचं आपलं उघड-मीट, उघड-मीट.

"अर्ध्या तासाचं काम आहे. हत्यारं घेऊन येतो, सरळ करून देतो," मामा म्हणाला.

"नको," ती पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन. "राहू दे."

मामाचा चेहरा पडला. हे 'राहू दे' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या गालाबद्दल. नववी सुरू झाली आणि माझा डावा जबडा खालून फुगायला लागला. दुखत नव्हता, नुसता फुगत होता. वर्गात विचारायचे, "गालात गोटी ठेवलीयस का गं?" मग मी हाताने गाल झाकायला लागले, मग शेवटच्या बाकावर गेले, मग उत्तर येत असूनही हात वर करणं सोडलं. माझ्यासारखी बडबडी मुलगी गप्प झाली म्हटल्यावर आईने मला डॉक्टरांकडे नेलं. ते पहिले डॉक्टर म्हणाले, जबड्यात सिस्ट आहे, म्हणजे पाण्याची पिशवी, मोठी आहे, ती काढावी लागेल. सोबत तीन दात जातील, हाडही बरंच जाईल. रात्रभर मी आरशासमोर उभी राहून जबडा नसलेली मी कशी दिसेन ते बघत होते. (भयानक. विचारू नका.)

म्हणून दुसरं मत घ्यायला या हॉस्पिटलात. आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामा.

इथल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. जबड्यात काळा गोल, आणि त्याच्या तळाशी एक दात आडवा पडलेला, विहिरीत पडलेल्या बादलीसारखा.

"हे बघ," त्या मलाच सांगत होत्या, मामाला नाही, म्हणून मला त्या तिथेच आवडल्या. "पिशवीत पाणी साठतं. पाण्याचा दाब पडतो, दाबाने हाड मागे हटतं. पिशवी खरवडून काढता येते, पण तुझं वय लहान आहे, हाड अजून वाढतंय. मी पिशवीला फक्त एक खिडकी पाडणार. पाणी बाहेर, दाब गेला. मग पिशवी आपली आपण आकसते आणि मागून हाड भरत येतं. सात-आठ महिने लागतील. अडकलेला दात वर येईल याची खात्री देत नाही, पण त्याला संधी मिळेल."

मामा पुढे सरकला. "म्हणजे चौकट न तोडता?"

"चौकट न तोडता."

"मग पाडा खिडकी," मामा म्हणाला. खिडकी हा शब्द ऐकून त्याच्या जिवात जीव आला होता.

खिडकी पाडायला अर्धा तास लागला. जबडा बधिर होता, मला नुसती ओढाताण कळली. पिशवीचा एक तुकडा तपासणीला गेला. आठ दिवसांनी 'साधीच आहे, घाबरण्यासारखं काही नाही' असं कळलं. त्या आठ दिवसांत मामाने एकाच दाराच्या तीन फळ्या चुकीच्या मापाने कापल्या.

पण तोंडातली खिडकी आपली आपण मिटायला बघते. ती उघडी राहावी म्हणून तिच्यात एक बूच बसवतात. गुलाबी, करंगळीच्या पेराएवढं, शेजारच्या दातांना धरून राहायला तारेचे दोन आकडे. खाल्ल्यावर ते काढायचं, बिनसुईच्या सिरिंजने कोमट मिठाचं पाणी आत मारायचं, बूच धुऊन पुन्हा बसवायचं. आतली पोकळी लहान होत जाईल तसं बूचही घासून लहान करायचं.

आणि हे बूच कोण बनवतं? करकरणाऱ्या दाराच्या खोलीतली ती! मी तिचं नाव बूचताई ठेवलं. डॉक्टरबाई तोंडात बघून खूण करायच्या आणि बूचताई घासून द्यायची.

दर पंधरा दिवसांनी आमची वारी... म्हणजे मामाची आणि माझी. आईला एकदा सुट्टी मिळाली, तर मामा म्हणाला, "कशाला उगाच रजा वाया घालवतेस? मी नेतो की." आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं.

"कुठल्या नंबरचा पॉलिश पेपर वापरता?" हा मामा. बाहेर जगात इतके विषय आहेत!

"चारशे."

"शेवटचा हात सहाशेने मारून बघा. पाण्यात भिजवून."

"दारवाले, हे तोंडात जाणार आहे, दिवाणखान्यात नाही."

"तोंडात जाणार म्हणूनच म्हणतो. भाचीला टोचायला नको."

पुढच्या वेळी मामाने खिशातून सहाशेच्या पेपरचे कात्रीने कापलेले छोटे चौकोन काढले. एका रबरात बांधलेले, सगळ्यांच्या कडा सारख्या. तिने एक घेतला, बूच पाण्यात बुडवून हळूहळू घासलं, मग अंगठा फिरवला. आणि ते मामासमोर धरलं. त्यानेही अंगठा फिरवला.

"काय?" ती म्हणाली.

"गुळगुळीत..." तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

एका बुचावरून! आणि ते माझ्या तोंडातलं होतं, हे दोघंही पार विसरले होते.

"मी घालू का ते?" मी विचारलं. "की तुम्ही दोघं ठेवून घेताय?"

बूचताई हसली की चष्मा नाकावरून घसरायचा आणि ती तो मनगटाने वर ढकलायची, कारण बोटांना कायम भुकटी. मामाने हे बघितलं होतं. मला कसं माहीत? कारण एकदा घरी भात वाढताना त्याने स्वतःचा नसलेला चष्मा मनगटाने वर ढकलला.

पण पुढे काही सरकेचना! दर वेळी निघताना मामा दाराशी थांबायचा, बिजागरीकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज हत्यारं आणलीयत. करून टाकू का?" आणि दर वेळी ती म्हणायची, "राहू दे."

येताना बसमध्ये मी खिंड लढवायचे. "मामा, तिला विचार ना."

"काय विचारू?"

"चहाला येता का, म्हणून!"

"साधं दार दुरुस्त करू देत नाही ती मला," मामा खिडकीबाहेर बघत म्हणायचा. "दोन स्क्रूंचं काम. तेवढेही उपकार नकोत तिला. मग आणखी काय विचारायचं?"

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं. पण खरं सांगू? त्याचं म्हणणं मलाही थोडं पटायचं.

पाचव्या महिन्यात नवा एक्स-रे निघाला. काळा गोल निम्मा! कडेने धुक्यासारखं पांढुरकं हाड, आणि तळाचा दात चक्क तिरका उभा राहिलेला. गालही बसला होता. वर्गात मी पुन्हा दुसऱ्या बाकावर आले होते, आणि एकदा तर वक्तृत्वाच्या तासाला तोंडात बूच ठेवून पाच मिनिटं बोलले. 'स' जरा शिट्टीसारखा यायचा, पण बोलले!

डॉक्टरबाई खूश. "आता पंधरा दिवसांनी नको. दीड महिन्याने या. मग बहुतेक बूच बंदच."

मी आनंदाने मामाकडे बघितलं. तो हसत होता... पण बसमध्ये चढताना सुट्टे पैसे समजून त्याने कंडक्टरला पॉलिश पेपरचा चौकोन दिला.

तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात ती कल्पना आली. बूच बसेनासं झालं, तर नवीन करावं लागेल. नवीन करायचं, तर माप द्यायला जावं लागेल. एकदा, मग पुन्हा एकदा... साधं गणित! मी बूच काढलं, कंपासपेटीत टाकलं आणि दोन दिवस घातलं नाही. तिसऱ्या दिवशी घालून बघितलं तर जाईना. मी आतून खूश, वरून रडवेला चेहरा. "मामा, बूच पडलं होतं, आता बसत नाहीये!"

त्याचा चेहरा बघून मात्र माझी खुशी तिथेच मावळली. त्याने हातातला रंधा तसाच टाकला, अंगावरचा भुसासुद्धा झटकला नाही.

डॉक्टरबाईंनी तोंडात बघितलं आणि त्या एकदम शांत झाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"खिडकी मिटत आलीय. आठवडा गेला असता तर पूर्ण बंद. आत पुन्हा पाणी साठायला लागलं असतं आणि पाच महिने वाया. पुन्हा कापून मोठी करावी लागेल." पुन्हा इंजेक्शन, पुन्हा ती ओढाताण. खुर्चीच्या हाताला घट्ट धरून मी रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

नंतर बूचताईने मला आपल्या खोलीत बसवलं. मामा औषधं आणायला खाली गेला होता. तिने जुनं बूच भिंगाखाली धरलं.

"पडलं होतं ना हे? कुठे?"

"बेसि...नमध्ये."

"अस्सं. मग आकड्यात पेन्सिलीचा भुगा कसा अडकला?"

मी मान खाली घातली. कंपासपेटी... मेले!

"का केलंस?" आवाज मऊच होता, म्हणून मला आणखी रडू आलं.

"तुम्ही दोघं काही बोलतच नाही! मामाला तुम्ही आवडता, तो कधीच सांगणार नाही, आणि माझी खिडकी बंद झाली की आमचं येणंच बंद!"

तिचा चष्मा घसरला. या वेळी तिने तो वर ढकलला नाही.

"अगं वेडे! स्वतःच्या हाडाची माती करून आमचा संसार थाटणार होतीस?"

मी नाक पुसलं. "संसार? मी तर चहाचं म्हणत होते."

ती लालबुंद झाली. वळून चाक सुरू केलं. चाकावर घासायला काहीच नव्हतं. आणि तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. मामा उभा होता. औषधाची पिशवी हातात, कधीचा कोण जाणे. त्याच्या हाताने दार कधी वाजतच नव्हतं ना!

त्याने नेमकं किती ऐकलं माहीत नाही. माझ्या करणीपुरतं नक्की ऐकलं होतं.

"चल," तो मला म्हणाला. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, "यापुढे तू ने तिला. माझ्या नादात पोरीच्या जबड्याशी खेळ झाला. माझं तिथे काही काम नाही."

मी हजारदा माफी मागितली. तो माझ्यावर रागावलेलाच नव्हता, तो स्वतःवर रागावला होता, आणि अशा माणसाची माफी कशी मागतात ते मला अजून माहीत नाही. एवढं मात्र केलं की पुढचे तीन महिने एकही वेळ न चुकवता पाणी मारलं. सकाळ, दुपार, रात्र. शाळेतसुद्धा, मधल्या सुट्टीत, नळापाशी. एका मुलीने विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "माझ्या जबड्यात खिडकी आहे, बघायचीय?" ती पळाली. पूर्वी मी पळाले असते.

आई दोनदा सोबत आली. ती दार ढकलायची, दार करकरायचं, आणि बूचताई न वळता म्हणायची, "बसा." पण तिची पाठ... सांगता येत नाही. दार उघडायच्या आधी फटीतून ती ताठ दिसायची, आवाज झाला की खाली यायची. दुसऱ्या वेळी मला ते दिसलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळी दुनिया दार घासत येते. एकच माणूस उचलून येतो!

आठव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी बोटाने हिरडी चाचपली आणि त्या हसल्या. "आरशात बघ." खिडकीत दाताचं टोक! पांढरं, टोकदार, स्वतःच्या पायाने आलेलं. एक्स-रेत काळा गोल जवळपास पुसला गेला होता. "बूच बंद. आता सहा महिन्यांनी एक फोटो, झालं."

मी बूच परत द्यायला बूचताईकडे गेले. तिने ते तळहातावर घेतलं. आता ते तांदळाच्या दोन दाण्यांएवढं उरलं होतं.

"मग... संपलं म्हणायचं," ती म्हणाली. ते पुसून एका डबीत ठेवलं. मग एकदम, "तुझ्या मामांना एक निरोप देशील?"

"देईन!"

"म्हणावं, दार अजून घासतंय."

मी निरोप शब्दाला शब्द दिला. मामाने रंधा थांबवला. बराच वेळ लाकडाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "म्हणजे... शेवटी दुरुस्त करून हवंय तिला," तो म्हणाला. हत्यारांची पेटी भरताना त्याचा आवाज इतका उतरलेला होता, की मला कळेना, रडू की त्याला चिमटा काढू.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्यासोबत गेलेच. बाहेर बारीक भुरभुर होती, त्याचे केस ओले, शर्ट मात्र इस्त्रीचा. दार दुरुस्त करायला इस्त्रीचा शर्ट! पॅसेजमध्ये तो दोनदा थांबला. दाराशी आला, एका हातात जड पेटी, दुसऱ्या हाताने मूठ धरली आणि... घाबरून नुसतंच ढकललं.

कर्रर्र!

आतून ती न वळता म्हणाली, "डॉक्टर कामात आहेत, बाहेर बसा."

मामा निमूटपणे मागे फिरला. बाहेरच्या बाकावर बसायला निघाला, खरंच! मी त्याची बाही धरली.

"मामा, पुन्हा जा. उचलून."

त्याने माझ्याकडे बघितलं. काय कळलं त्याला कुणास ठाऊक. त्याने पेटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी मूठ धरली, दार जरासं वर उचललं... आणि ढकललं.

काही आवाज नाही.

आतलं चाक थांबलं. तिने हातातलं खाली ठेवलं, डोक्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

"आलात?" ती अजून पाठमोरीच होती.

"हो. ते... दार. हत्यारं आणलीयत."

"कशाला?"

"घासतंय म्हणून निरोप होता."

"घासतंय असं म्हटलं मी. दुरुस्त करा असं म्हटलं का?" आता ती वळली. नाकावर भुकटी होतीच. "या खोलीत दिवसातून पन्नास माणसं येतात. एकोणपन्नास दार घासत येतात. मला मान वर करावी लागत नाही. आवाज झाला नाही, की मात्र..." तिने चष्मा मनगटाने वर ढकलला. "तुम्ही दार सरळ केलं असतंत, तर न बघता मला कसं कळलं असतं, कोण आलंय ते?"

मामा तसाच उभा. मूठ अजून हातात.

"म्हणून... राहू दे?"

"म्हणून राहू दे."

"आठ महिने?"

"तुम्ही दर वेळी पेटी उघडायला निघायचात, माझा जीव खालीवर व्हायचा!"

आणि माझा मामा, ज्याची माणसं बघून बॅटरी उतरते, तो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला माझे दोन स्क्रूसुद्धा नकोत. मी तर... सगळंच द्यायला आलो होतो."

मी अख्खा पॅसेज ऐकेल इतक्या जोरात नाक ओढलं. दोघंही दचकले.

"तू," बूचताई माझ्यावर बोट रोखून म्हणाली, "बाहेर बस. आणि तोंड उघड आधी." मी आ केलं. तिने वाकून माझा नवा दात बघितला, अगदी नीट. मग पुटपुटली, "सरळ येतोय हो." मग मामाकडे बघून, अगदी हळू, "अहो... चहाला जाऊ या का?"

ते 'अहो' मी ओळखते. आई बाबांना म्हणते, तेच.

आता ते सहा महिने झाले, येत्या शनिवारी मी फोटोला जाणार आहे. दात पुरता वर आलाय आणि मी पहिल्या बाकावर बसते, आ करून हसते. आणि आईने परवा विचारलं, "मी शनिवारची रजा टाकू का गं, हॉस्पिटलला यायला?" मी म्हटलं, "कशाला? मामी आहे की तिथे."

मामा-मामीच्या घराचं प्रत्येक दार मामाने स्वतः बसवलंय, हात लावायच्या आत उघडतं. त्या खोलीचं दार मात्र अजून तसंच आहे. हॉस्पिटलने दोनदा माणूस पाठवला दुरुस्तीला. दोन्ही वेळा मामीने त्याला परत पाठवलं.